ईलिंगच्या दिवाणखान्यात शिवलेली होडी

शुक्रवार, १२ एप्रिल १९६३

आपल्या काळातून मागे येऊन पश्चिम लंडनमधल्या ईलिंगच्या एका अरुंद रस्त्यावर तुम्ही उभे आहात आणि सगळ्यात आधी जाणवते ती थंडी. कॅलेंडरवर वसंत आहे, पण यंदाचा हिवाळा भिंतींच्या विटांतून अजून निघालेला नाही. २६ डिसेंबरला पडू लागलेला बर्फ मार्चपर्यंत ठाण मांडून होता. केंटच्या किनाऱ्यावर हर्न बे इथे समुद्राचं पाणीही गोठलं होतं. ही थंडी ध्यानात ठेवा. तुम्ही ज्या कामासाठी इथे आला आहात, त्यात ती आडवी येणार आहे.

समोरच्या घरात वरच्या मजल्यावर तुम्ही भाड्याने राहता. ही खोली मिळायला बरीच पायपीट झाली, कारण रंगीत कातडीच्या माणसांना जागा नाही, अशा पाट्या या शहरात उघडपणे लागतात आणि त्यांना मनाई करणारा कायदा अजून व्हायचा आहे. या घराने तुम्हाला खोली दिली. मालक साउथॉलच्या एईसी कारखान्यात फिटर आहेत. लंडनच्या लाल डबलडेकर बसचे यांत्रिक भाग तिथे तयार होतात. आज गुड फ्रायडे, आणि सोमवारपर्यंत सलग सुट्टी.

दार उघडतं. आतून गरम बनपावाचा वास येतो. मालक बाह्या वर सारून तयारच आहेत.

“वेळ आहे ना तुम्हाला? मग आत या. मला दोन हात कमी पडताहेत.”

दिवाणखान्यातला सोफा जिन्याखाली गेला आहे, गालिचा गुंडाळून भिंतीला टेकवला आहे आणि जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली आहेत. मालकीणबाई दारात उभ्या आहेत. “उन्हाळ्यापर्यंत मला माझी खोली परत हवी,” त्या तुम्हाला उद्देशून म्हणतात. मालकांना हे सांगून काही उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

मध्ये पडली आहेत प्लायवुडची कापून आलेली अंगं: लांबट, वाकड्या कडांची, जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची. तळाच्या दोन, बाजूंच्या दोन, पुढची आणि मागची एकेक उभी फळी. शेजारी लाकडाच्या पट्ट्या, तांब्याच्या तारेचं भेंडोळं, काचतंतूंच्या विणलेल्या फितीचं रीळ, रेझिनचे डबे आणि लाल कापडाची घडी. या सगळ्याची मिळून मिरर डिंगी होणार आहे: १० फूट १० इंच लांब, ४ फूट ७ इंच रुंद, शिडाची होडी. सगळ्या सामानाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. रुपयाला दीड शिलिंग या आजच्या दराने तुम्ही मनात हिशेब करता: साधारण ८४७ रुपये. मालकांसारख्या कामगाराचा हा चारेक आठवड्यांचा पगार. चैन खरीच, पण कर्ज काढावं लागेल इतकी नाही.

मालकांना ती भेटली जानेवारीत, अर्ल्स कोर्टच्या बोट शोमध्ये. बाहेर बर्फाचे ढीग आणि आत चकचकीत नौका, त्यांतल्या बहुतेक त्यांच्यासाठी नव्हत्याच. ही मात्र त्यांच्या रोजच्या वर्तमानपत्राने आणली होती. ‘डेली मिरर’ हा कामगारवर्गाचा, लाखोंनी खपणारा पेपर. शिडाचा लाल रंगही त्याच्या शीर्षकपट्टीचा.

होडीमागे दोन माणसं आहेत. एक बॅरी बकनेल, टीव्हीवरचे घरदुरुस्तीवाले. गेल्या वर्षी बीबीसीने ईलिंगमधलंच एक मोडकळीला आलेलं घर विकत घेतलं आणि बकनेल यांनी आठवड्यामागून आठवडे कॅमेऱ्यासमोर ते नीट केलं. नक्षीच्या जुन्या दारांवर हार्डबोर्ड ठोकून ती सपाट करण्याची साथ देशभर पसरली, तिला त्यांचेच कार्यक्रम कारण. या दिवाणखान्याचं दारही तसं सपाट झालेलं दिसतंय. दुसरे जॅक होल्ट, पटनीचे. त्यांनी आखलेल्या कॅडेट, जीपी फोर्टीन, एंटरप्राइज या छोट्या होड्या क्लबांत आधीच धावताहेत. बांधायला सोपी होडी ही बकनेल यांची कल्पना. वाऱ्यावर नीट चालणारं रूप तिला होल्ट यांनी दिलं.

कामाला लागा. तळाच्या दोन फळ्या एकीवर एक ठेवा, कडेला कड जुळवून. हातड्रिलने कडेपासून थोडी माया सोडून काही इंचांच्या अंतराने बारीक भोकं पाडायची, दोन्ही फळ्यांतून आरपार. तांब्याच्या तारेचा तुकडा एका भोकातून घाला, दुसऱ्यातून काढा, दोन्ही टोकं बाहेरच्या अंगाला पिळा. एक टाका झाला. घट्ट करू नका, ढिलाच ठेवा. दुपारपर्यंत बोटांच्या टोकांना तारेचे ओरखडे पडतात आणि एका कडेची शिवण पुरी होते.

“आता उघडू,” मालक म्हणतात.

तुम्ही एक फळी धरता, ते दुसरी. पुस्तकासारख्या दोन्ही बाजू उघडतात आणि तुमच्या हातात लाकूड वळायला लागतं. कुणी वाफ दिलेली नाही, साचा नाही, जोर लावलेला नाही. फळ्यांच्या कडा वाकड्या कापल्या होत्या म्हणून त्या एकमेकींना चिकटून राहण्यासाठी फळ्यांना वळावंच लागतं. पुढे मागे तळ वर उचलतो, मध्ये पोट येतं. मग बाजूच्या फळ्या शिवा, पुढची आणि मागची उभी फळी बसवा, पकडीने एकेक टाका पिळत चला. संध्याकाळी चार वाजता जमिनीवरच्या चपट्या तुकड्यांची होडी झालेली असते आणि मालकीणबाई चहाचा कप हातात धरून तिच्याभोवती एक फेरी मारतात.

जरा थांबा आणि इथे काय झालं ते नीट पाहा. लाकडी होडी बांधायची रूढ रीत आतून बाहेर जाते. आधी कणा, मग त्यावर बरगड्या, त्या सगळ्या एका रेषेत आहेत ना याची मोजमापं, मग प्रत्येक फळी तिरकी तासत बरगड्यांवर बसवायची. होडीचा आकार सुताराच्या डोळ्यात आणि हातात असतो. होल्ट यांच्या आधीच्या होड्यांचे संचही घरी बांधता येत, पण त्यांनाही आतला सांगाडा लागे आणि कोपऱ्यातल्या लाकडी पट्ट्या कोनात तासाव्या लागत. नवशिक्याची कसोटी तिथेच लागत असे. मिररमध्ये कोपऱ्यातली ती पट्टीच नाही. आकार आता फळीच्या कापात आहे. तो एकदा कागदावर बरोबर निघाला आणि कारखान्यात बरोबर कापला गेला, की शिवणाऱ्याने फक्त कडेला कड भिडवायची.

अर्थात याला एक अट आहे. प्लायवुडचा पत्रा एका वेळी एकाच दिशेने वळतो. त्याची नळी होईल, शंकू होईल, वाटी होणार नाही. म्हणून होल्ट यांना अख्खी होडी अशा एकदिश वळणांतूनच जमवावी लागली. टोकदार नाळ करायची तर फळ्या पुढे फार ओढून, पिळून एकत्र आणाव्या लागल्या असत्या आणि होडीही लांबली असती. त्यांनी पुढचं टोक चक्क छाटून तिथे आडवी फळी लावली. दिसायला ती थोडी बोथट वाटते. पण अकरा फुटांपेक्षा कमी लांबीत मोठी माणसं, मुलं आणि शिदोरी मावते ती त्यामुळेच.

टाक्याची कल्पना बकनेल यांनाही आकाशातून सापडलेली नाही. केन लिटलडाइक नावाचे इंग्रज शाळामास्तर अशाच तारेच्या टाक्यांनी आणि काचफितीने कयाक बांधत होते. मिररने तो अनुभव उचलला. आणि फळ्या शिवून होडी करणं तुम्हाला, कोकणाच्या बाजूच्या माणसाला, अपरिचित नसावं. हिंदी महासागराच्या काठांवर काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेली गलबतं शतकानुशतकं चालत होती. तुम्ही ज्या काळातून आलात तिथे, गोव्यात त्याच पद्धतीने बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला भारतीय नौदलात दाखल झालं. फरक इतकाच, की काथ्याचा टाका जहाजाला जन्मभर धरून ठेवतो, तर इथला तांब्याचा टाका काही दिवसांचा सोबती आहे. खरा भार पुढे दुसरंच कुणीतरी उचलणार आहे.

शनिवार, १३ एप्रिल

खोलीत रॉकेलचा हीटर पेटलेला आहे. मालक रेझिनचा डबा उघडतात आणि एक गोडसर, डोक्यात जाणारा वास पसरतो. हा स्टायरीनचा. पॉलिएस्टर रेझिन त्यात विरघळलेलं असतं. शंभर भाग रेझिनला एखाद-दोन भाग हार्डनर घातला की रसायन आपोआप घट्ट व्हायला लागतं आणि त्यातून उष्णता निघते. पण आधी त्याला थोडी ऊब लागते. खोली पंधरा अंशांच्या खाली गेली, की तेच रेझिन तासन्‌तास चिकट राहतं. खिडकीबाहेरचा पारा दहालाही पोचलेला नाही.

आता पेच बघा. ऊब हवी म्हणून हीटर लागतो. स्टायरीनची वाफ पेट घेते म्हणून ज्योत नको. वास बाहेर जायला खिडकी उघडी हवी, आणि खिडकी उघडली की ऊब जाते. मालकांचं लक्ष फक्त पहिल्या गोष्टीकडे आहे. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. बाकीच्या दोन तुम्ही सांगायला हव्यात.

“आधी खोली चांगली तापवू,” तुम्ही म्हणता. “मग हीटर विझवून बाहेर ठेवू आणि त्यानंतरच डबा पुन्हा उघडू. रेझिन तोवर कोमट पाण्याच्या बादलीत उभं राहू दे.”

ते मान डोलावतात. पण घाई स्वभावातच आहे. हीटर बाहेर गेल्यावर, थंडीची भरपाई म्हणून ते कपात हार्डनर जास्त ओततात. काही मिनिटांत कप हाताला चटके देऊ लागतो, रेझिनला तडे जातात, धूर येतो. तो तसाच बागेत नेऊन मातीत ठेवावा लागतो. आत ब्रश उभाच्या उभा घट्ट होऊन बसला आहे. दुसरा कप थोडा थोडा, मापाने कालवला जातो.

होडीच्या आतून, जिथे दोन फळ्या भेटतात त्या कोपऱ्यावर रेझिन फासा. त्यावर फीत अंथरा, अर्धी या फळीवर, अर्धी त्या. पुन्हा वरून ब्रशने रेझिन ठोकत चला. पांढरी फीत भिजता भिजता काचेसारखी पारदर्शक होते आणि खालच्या लाकडाच्या रेषा दिसू लागतात. जिथे पांढरा ठिपका उरला तिथे हवा अडकली आहे. ब्रशच्या टोकाने ती कडेला ढकला. पारदर्शक झालेली शिवण म्हणजे झालेली शिवण, इतकी सोपी परीक्षा कुठल्याच सुतारकामात नसेल. बोटं चिकटतात, मनगटात काचतंतू टोचून खाज सुटते. हातमोजे, मास्क या घरात कुणाला सुचलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फीत नखाने वाजवली तर टणक लागते. मग होडी पालथी करा, बाहेर आलेली तारेची टोकं पकडीने कापा, कानशीने सपाट करा आणि बाहेरूनही तशीच फीत चढवा. तारेचे आतले तुकडे फितीखाली कायमचे गाडले गेले. आता प्रत्येक कोपऱ्याला आतून-बाहेरून काचेचं अस्तर आहे आणि मधे लाकडाची कड. पाच मिलिमीटरच्या पत्र्याला ताकद या कोपऱ्यांनी दिली.

हे साहित्य एका कामगाराच्या दिवाणखान्यात पोचलं कसं? वाट युद्धातून आली. डी हॅविलंडचं मॉस्किटो विमान प्लायवुडचं होतं आणि त्याचे जोड पुढे पाण्याला दाद न देणाऱ्या कृत्रिम डिंकाने धरले जाऊ लागले. काचतंतू आणि पॉलिएस्टर विमानांच्या रडारवरच्या टोपणांसाठी वापरलं गेलं. युद्ध संपलं आणि तेच ज्ञान सुताराच्या दुकानात उतरलं. या प्लायवुडच्या कोपऱ्यावर ‘बीएस १०८८’ असा शिक्का आहे. पातळ पापुद्रे उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या डिंकाने चिकटवले आहेत, याची ती हमी. वीस वर्षांपूर्वी हे सामान सैन्याबाहेर कुणाला मिळालं नसतं.

मे महिना

आता दिवस झपाझप पुढे सरकू द्या. या कामात गंमत कमी आणि घासणं जास्त. होडीच्या दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे आडव्या-उभ्या फळ्या लावून बंद कप्पे तयार होतात. बसायला बाक झाला, पत्र्याला पेटीसारखा ताठपणा आला, आणि आत कोंडलेल्या हवेमुळे होडी उलटली तरी बुडणार नाही. वरच्या कडांना लाकडी पट्टी चिकटवताना घरातले सगळे शिकंजे कमी पडतात. शेजाऱ्यांकडून मागून आणले जातात. मग सँडपेपर, वॉर्निश, रंग, परत सँडपेपर. रोज संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर मालक तासभर घासतात. रेडिओवर कधीतरी बीटल्स वाजतात आणि मालकीणबाई आवाज मोठा करतात.

महिनाअखेर होडी तयार होते आणि मग एका गोष्टीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. दारातून ती कुशीवर करून निघेल, पण पुढच्या बोळात अकरा फूट लांबी वळत नाही. उचलून बघितलं, तिरकं करून बघितलं, मागे घेऊन बघितलं. मालकीणबाई पाठीमागून एकच शब्द उच्चारतात: “खिडकी.”

पुढची मोठी खिडकी चौकटीपासून सोडवली जाते. शेजारचे दोन गृहस्थ मदतीला येतात. कवच सुमारे पंचेचाळीस किलोचं. चार माणसांच्या हातांवरून ती फुलझाडांवरून अलगद रस्त्यावर येते. फुटपाथवर जमलेली पोरं टाळ्या वाजवतात.

सोमवार, ३ जून

व्हिट मंडेची सुट्टी. होडी मॉरिस मायनरच्या टपावर उलटी बांधली आहे. ती जाड दोरीने पुढच्या-मागच्या बंपरला आवळताना तुम्ही होल्ट यांचा आणखी एक हिशेब ओळखता. डोलकाठी आखूड आहे. तिच्या जोडीला वरच्या बाजूने सरकत जाणारी दुसरी काठी आहे, ती वर ओढली की शीड उंच होतं. खाली उतरवल्यावर सगळ्या काठ्या होडीच्या लांबीत मावतात. नौका ठेवायला बंदरात जागा, ओढायला ट्रेलर, यातलं काही नको. पाणी जिथे असेल तिथे मोटारीवरून जायचं.

तुम्ही जाता ते पाणी आहे वेल्श हार्प, उत्तर-पश्चिम लंडनमधला जुना जलाशय. रीजंट्स कालव्याला पाणी पुरवायला एकोणिसाव्या शतकात तो बांधला. काठावर काही क्लबवाले ब्लेझर घालून उभे आहेत. ते या बोथट नाकाच्या, लाल शिडाच्या पेटीकडे बघतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. मालक त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत. ते चौथ्यांदा एकच गाठ तपासताहेत.

पाण्यात उतरा. मधल्या खाचेतून उभी फळी खाली सरकवा. तिच्यामुळे वारा होडीला आडवी ढकलू शकत नाही. सुकाणू बसवा. शिडाची दोरी हातात घ्या, पण खुंटीला बांधू नका. वारा बेताचा आहे. शीड एकदा फडफडतं, मग फुगतं, आणि तळाखालून पाणी बोलायला लागतं. तुम्ही आतल्या शिवणीकडे बघता. एका कोपऱ्यात ओल दिसते. बोटाने पुसता. परत येत नाही. मघाशी चढताना बुटावरून पडलेलं पाणी होतं ते.

मालक सुकाणू धरून बसले आहेत. मघाशी हसणाऱ्या ब्लेझरवाल्यांपैकी एकजण त्यांच्या होडीतून जवळून जाताना विचारतो, “कुणी बांधली?”

“आम्ही,” मालक म्हणतात, आणि बोट तुमच्याकडेही करतात.

आता परत आपल्या काळात या. मिररच्या होड्या पुढे सत्तर हजारांहून अधिक झाल्या. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका इथे मुलं तिच्यात शिडाची होडी हाकायला शिकली. ए. जे. मॅकिनन नावाच्या शिक्षकाने नव्वदच्या दशकात अशीच एक मिरर श्रॉपशरमधून नद्या-कालव्यांच्या वाटेने काळ्या समुद्रापर्यंत नेली. ब्रिटनमध्ये शिडाची होडी सामान्य घरापर्यंत पोचवण्यात क्लबांच्या उदार ठरावांपेक्षा तांब्याच्या तारेचा आणि काचेच्या फितीचा वाटा मोठा आहे, असं माझं मत. कारण सुताराचं सर्वांत अवघड कौशल्य होल्ट यांनी कागदावर सोडवलं, आणि उरलं ते काम चिकाटी असलेल्या कुठल्याही माणसाला जमणारं होतं.

तुम्हाला आपल्याकडे अशी होडी करायची असेल, तर पद्धत तीच आहे, साहित्य मात्र सुधारलं आहे. प्लायवुड घेताना ‘आयएस ७१०’ शिक्क्याचं मरीन प्लाय मागा. ‘वॉटरप्रूफ’ एवढ्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. पॉलिएस्टरऐवजी इपॉक्सी वापरा, ते लाकडाला जास्त घट्ट धरतं. महाराष्ट्रात पेच थंडीचा नाही, उलटा आहे: एप्रिल-मेच्या दुपारी रेझिन कपातच घट्ट होईल, म्हणून सकाळी लवकर आणि थोडं थोडं कालवा, आणि पावसाळी दमट दिवस टाळा. हातमोजे आणि मास्क घाला, काम उघड्या पडवीत करा. फळ्यांच्या कापलेल्या कडा रेझिनने बंद केल्याशिवाय रंग देऊ नका, पाणी आत शिरतं ते तिथूनच. धरणाच्या पाण्यात उतरणार असाल तर आधी परवानगीची चौकशी करा. आणि होडी कितीही चांगली शिवली असली, तरी लाइफ जॅकेट घातल्याशिवाय तिच्यात बसू नका.